सहा कृत्तिका आणि बाबांची किल्ली

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबांनी आज सकाळी माझ्या चष्म्याच्या दुकानासमोरची कुंडी गाडीने उडवली. कुंडी फुटल्याला समोरच्या न्हाव्याने दुजोरा दिला. उडवल्याला बाबांनी दिला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की कुंडी पुढे आली.

"कुंडी कशी पुढे येईल, बाबा?"

"ते तिला विचार."

विचारण्यासारखं कुंडीत काही उरलं नव्हतं. बाबा खाली उतरले, बंपरवरून हात फिरवला, जाळीवरच्या सहा ताऱ्यांच्या चिन्हावर अंगठा टेकवला आणि छाती फुगवून म्हणाले, "ओरखडासुद्धा नाही. सुबारू आहे." जणू सामना होता आणि कुंडीकडचे हरले.

न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून तसाच बाहेर आला होता. मला हळूच म्हणाला, "ताई, काका आता माझ्या दुकानाकडे बघत होते. माझं दुकान मागे घेता येत नाही हो."

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. घरात शांत डोक्याची, सगळं नीट बघणारी अशी मी एकटीच आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचे डोळे तपासले. माझी तपासणीची खोली आखूड आहे. त्यामुळे अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगलेला, तोही उलट्या अक्षरांचा, आणि समोर मोठा आरसा. माणूस आरशात बघतो, अक्षरं सुलटी होतात, अंतरही पुरतं. नवीन माणूस गोंधळतो. मला मात्र इतक्या वर्षांत आरशातलं काय आणि बाहेरचं काय, फरक जाणवेनासा झाला आहे.

बाबा बसले आणि धडाधड वाचायलाच लागले. वरची ओळ, मधली, खालची, अगदी तळाशी बारीक टायपात असलेलं छापखान्याचं नावसुद्धा.

"बाबा, मी अजून दिवा लावलेला नाही."

मग म्हणाले, "तेच तर. अंधारातही दिसतं."

८ नोव्हेंबर, शनिवार

नेत्रतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की बाबांच्या नजरेच्या बरोब्बर मध्यभागी धुकं आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. चष्म्याने जाणार नाही. गाडी आजपासून बंद. "तुम्ही याच व्यवसायातल्या, तुम्हीच समजवा त्यांना," म्हणाल्या.

परक्या माणसाला वाईट बातमी सांगणं माझं रोजचं काम आहे. घरी येऊन मी घसा साफ केला, बाबांच्या समोर बसले आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

संध्याकाळी बाबा अंगणात जाऊन उभे राहिले. आमच्या घरचा एक नियम आहे. सुबारू म्हणजे जपानी भाषेतल्या आपल्या कृत्तिका. आकाशात सहा कृत्तिका मोजता आल्याशिवाय आमच्याकडे कोणाच्या हातात किल्ली पडत नाही. सरकारी परवाना नंतर. आम्हा सगळ्या भावंडांची परीक्षा याच अंगणात झाली. जुळ्यांनी तीन-तीन मोजून बेरीज केली होती, ती बाबांनी मोठ्या मनाने मान्य केली.

बाबांनी मान वर केली. "सहा. चालवतो मी."

आकाश ढगांनी गच्च भरलेलं होतं.

आई दोरीवरचे कपडे काढत होती. म्हणाली, "ढग नसते तर मला सात दिसल्या असत्या."

तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तिने कधी गाडी चालवलेली नाही, त्यामुळे तिचं मोजणं धरत नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फोनवर भावंडांची बैठक झाली. दादा सोडून.

पुढे कधी वाचताना मलाच कोडं पडू नये म्हणून लिहून ठेवते. इतर घरांत मुलांना झोपताना राजाराणीच्या गोष्टी सांगतात. आम्हाला कंपनीच्या सांगितल्या. एक होता विमानांचा कारखाना. युद्ध संपलं आणि त्याचे तुकडे तुकडे केले. मग त्या तुकड्यांनी पोटासाठी काय काय केलं! विमानाच्या शेपटीची उरलेली चाकं लावून स्कूटर बनवली. (इथे जुळ्या नेहमी टाळ्या वाजवायच्या.) पुढे त्यातले पाच तुकडे पुन्हा एकत्र आले, त्यांची एक मोठी कंपनी झाली आणि तिच्या गाडीला नाव दिलं सुबारू. म्हणून चिन्हात डावीकडे एक मोठा तारा आणि उजवीकडे पाच लहान. आम्हीही पाच. ताई, दादा, मी, जुळ्या. त्यामुळे बाबांचा ठाम समज झाला, की कंपनीने हे चिन्ह आमच्या घरावरून घेतलं. कंपनीने ते आमच्या आधी बनवलं, हे आई त्यांना सांगते. बाबा म्हणतात, "दूरदृष्टी."

मोठे झाल्यावर आम्ही पाचही जणांनी सुबारूच घेतल्या. दुसरं काही मिळतं हे आम्हाला बरेच दिवस माहीत नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, गाडी चांगली आहे. इंजिन उभं नसून आडवं, दोन्ही बाजूंना मुष्टियोद्ध्यासारखे ठोसे मारणारं. त्याचा तो धुगधुग आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू आला की कोण आलं ते आई न बघता सांगते. रस्त्यात दुसरी सुबारू दिसली की आम्ही हात करतो. समोरचाही करतो. बाकीच्या गाड्यांतली माणसं एकमेकांना हात करतात, पण तो वेगळा.

आणि मग दोन वर्षांपूर्वी जेवताना दादा म्हणाला, "गाडी म्हणजे शेवटी गाडीच की, बाबा."

बाबा सूप तसंच टाकून उठले. दादाने सुबारू काढून टाकली आणि चंदेरी रंगाची कसलीशी घेतली. तिचं नाव आम्ही घरात घेत नाही. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. दादा पियानोचे सूर लावून देण्याचं काम करतो, कानाचा फार हळवा आहे. बाबाही हळवे आहेत, पण कशाचे ते त्यांनी ठरवलेलं नाही.

बैठकीचा निर्णय असा, की बाबांना गाडीबद्दल ताईने सांगायचं. ती शाळेची मुख्याध्यापिका आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

ताईने प्रार्थनेनंतर सूचना देतात त्या आवाजात फोनवरून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, "तुझा फोन आहे," म्हणून रिसीव्हर आईच्या हातात दिला आणि अंगणात गेले.

मग मलाच जावं लागलं. ते गाडीत बसले होते. मी शेजारच्या सीटवर बसून सगळं सांगितलं. मधोमध असलेलं धुकं, कुंडी, न्हाव्याची भीती. बाबा समोर बघत राहिले. समोर भिंत होती.

मग म्हणाले, "एकवीस डिसेंबरला माझा वाढदिवस. त्या दिवशी तुम्हा पाचही जणांच्या सुबारू घेऊन या. चिन्हासारख्या उभ्या करायच्या. माझी मोठा तारा, तुमच्या लहान. वरून फोटो काढायचा. मग किल्ली देतो."

"आणि दादा?"

"पाच म्हणजे पाच."

"त्याच्याकडे सुबारू नाही, बाबा."

"मग नाही देणार. तोवर गाडी अंगणाबाहेर काढत नाही, शब्द देतो. पण पाच आल्या नाहीत तर बावीस तारखेपासून मी मोकळा."

मुद्दाम अशक्य अट घातली आहे. मी हे ओळखलं. आता माझ्यावर आलं. दादाचं मन वळवायचं, बापलेकांत समेट घडवायचा आणि कुठून तरी पाचवी सुबारू पैदा करायची.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दादाकडे गेले. तो घरामागच्या शेडमध्ये होता. दार अर्धवट उघडून त्याच फटीत उभा राहिला. नखं निळी झालेली.

"हे काय?"

"रंगकाम," म्हणाला. चांगलं आहे, माणसाला काहीतरी छंद हवा.

मी समेटाचं भाषण घरूनच तयार करून नेलं होतं. बाबा हट्टी आहेत पण मनातून तुझी आठवण काढतात, वगैरे. दादा जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या ओठाचा कोपरा थरथरत होता. भाषण लागलं असावं.

इतक्यात शेडमध्ये कोणीतरी खोकलं. दोनदा, वर एक लांब सूर, अगदी बाबांसारखं.

"कोण आहे आत?"

"पियानो," दादा म्हणाला. "जुन्या लाकडात हवा भरते."

पियानोतलं मला काही कळत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बाबांनी हल्ली रोज फिरायला जायला सुरुवात केली आहे. गाडी बंद झाल्यापासून करमत नाही, त्यापेक्षा बरं. पण नजर फारच अधू झाली असावी. परत येतात तेव्हा बाहीला काळं वंगण लागलेलं असतं. रस्त्यात कशाकशाला घासत जातात कोण जाणे.

दुसरी काळजीची गोष्ट म्हणजे ते वाटेतल्या वस्तू उचलून आणायला लागले आहेत. आईला रोज त्यांच्या खिशात काहीतरी सापडतं. कधी नट, कधी स्प्रिंग, परवा एक रबरी नळी. आई ते सगळं जॅमच्या रिकाम्या बरणीत टाकून झाकण लावते.

"आई, हे वयाचं लक्षण आहे. बोलायला हवं त्यांच्याशी."

"वयाचं नाही ग. लहानपणापासून तसेच आहेत."

२ डिसेंबर, मंगळवार

ड्रायव्हिंग स्कूलवाला चष्मा बदलायला आला होता. जाताना दारात थांबून म्हणतो, "आईंना माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, आरशात बघायला विसरू नका."

परक्या पुरुषाने माझ्या आईला, या वयात, आरशात बघायला सांगावं! मी त्याला काचा पुसायचं फडकंसुद्धा फुकट दिलं नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती लाजली, हेच मला जास्त लागलं. "बघते की मी," म्हणाली. "पण एकाच वेळी तिन्हीकडे बघायचं म्हणजे..."

पुढचं मी ऐकलंच नाही.

८ डिसेंबर, सोमवार

फोटोचा आराखडा काढला. बाबांच्या ट्रंकेत जुनं जास्तीचं चिन्ह होतं. ते तपासणीच्या खोलीत तक्त्याच्या जागी टांगलं, दिवा लावला आणि खुर्चीत बसून समोर दिसलं तसं कागदावर उतरवून घेतलं. तंतोतंत. गोदामामागचं पटांगण ठरवलं आहे. शेजारच्या पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून फोटो छान येईल.

आराखडा पाठवल्याबरोबर भांडणं सुरू. ताईला मोठ्या ताऱ्याला लागून असलेली जागा हवी, कारण ती थोरली. जुळ्या म्हणतात, आमचे दोन तारे एकमेकांपासून इतके लांब का? मी लिहिलं, आकाशाला विचारा. धाकटीने लिहिलं, "मधले, तू फारच उर्मट झाली आहेस." मोठ्या जुळीने त्याखाली मेंढीचं चित्र टाकलं. दोघी जनावरांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्या गाड्यांत मेंढ्याच असतात. मी अट घातली आहे, फोटोच्या दिवशी मागच्या काचेतून कोणाचंही तोंड दिसता कामा नये.

पाचवा तारा अजून रिकामाच आहे.

दादाचा फोन आला होता. वैतागला होता. "अगं, शेडमधून रोज काहीतरी गायब होतं. काल लावलेलं आज नाही."

"खिडकी लावत जा. उंदीर असतील."

"उंदीर स्प्रिंग नेतात?"

"पियानोचा वास येत असेल त्यांना."

मग म्हणाला, "मधले, तू डोळे तपासतेस ना लोकांचे?" असा मधेच माझ्या धंद्याची चौकशी करतो. मनाने प्रेमळ आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

बाबा फिरून आले ते कोटाची सगळी बटणं लावून, ताठ, पोटाला चांगलाच मोठा गोल फुगवटा. चालताना दोन्ही हातांनी सावरत होते.

"बाबा, काय झालं?"

"वात."

"इतका? आणि कडेने टणक कसा लागतोय?"

"जुना आहे."

मी डॉक्टरांना बोलवते म्हणाले तर आईने थांबवलं. "मी बघते," म्हणाली आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. बाहेर आले तेव्हा पोट सपाट. आईच्या हाताला गुण आहे, मी नेहमी म्हणते.

१७ डिसेंबर, बुधवार

पाचव्या सुबारूचं आजही जमलं नाही. दादाला मी सरळ विचारलं, कोणाची तरी सुबारू उसनी तरी आण. म्हणाला, "बघू. एका वस्तूवाचून अडलंय." कोणत्या, ते सांगेना.

संध्याकाळी बाबा गाडीत बसले होते. इंजिन चालू, गाडी जागेवर. मी शेजारी जाऊन बसले. धुगधुग ऐकत राहिलो.

"तुला आठवतं?" बाबा म्हणाले. "सगळे मिळून निघायचो तेव्हा मी पुढे. मागे ताई, मागे दादा, मग तू, मग त्या दोघी. सहा गाड्या एका ओळीत. लोक थांबून बघायचे, कोणाचं लग्न आहे का म्हणून."

"आणि तुम्ही इतके हळू चालवायचा की मागे खरंच वरात व्हायची."

"हळू नाही. आरशात मोजत असायचो. पाच आहेत ना." त्यांनी मधला आरसा सरळ केला. "किल्ली दिली की मी मागे बसणारा माणूस. मागे बसून काय मोजू?"

मी डोळ्यांचं काम करते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी इंजिन बंद केलं, पण किल्ली काढली नाही. अंगठा तिच्यावर तसाच.

बाबांनी मुद्दामच अशक्य अट घातली, असं मी लिहिलं होतं. तसं ते वाईट नाहीत. त्यांना फक्त एकवीस तारीख यायला नको आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आईने सकाळी ती जॅमची बरणी माझ्या हातात दिली. बरणी गळ्यापर्यंत भरलेली. वर एक मोठं गोल गाठोडं, जुन्या टॉवेलात घट्ट बांधलेलं.

"दादाला नेऊन दे. आणि तुझ्या बाबांना सांगू नकोस."

"हे भंगार त्याला कशाला?"

"त्याला छंद आहे ना."

"आणि यात काय?"

"गोल आहे," आई म्हणाली. केक असणार. वाढदिवसाचा केक दादाकडे लपवून ठेवायचा बेत दिसतो. मी मांडीवर घेऊन जपून नेला. टणक होता, आईचे केक असतातच.

दादाने शेडच्या दारातच टॉवेलाची एक गाठ सैल करून त्यात डोकावलं आणि मटकन पायरीवर बसला. मग इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. "आईला सांग, कळलं," म्हणाला. "तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं ना?"

"केकचं? तिनेच केलाय, तिला ठाऊक नसेल तर कोणाला?"

त्याने मला जवळ घेतलं. निळा रंग माझ्या स्वेटरला लागला.

२० डिसेंबर, शनिवार

ताई आली. आल्याआल्या तिने सगळ्यांना रांगेत उभं करून उद्याचं वेळापत्रक वाचून दाखवलं. दादाचा फोन लागत नाही. उद्या चारच लहान तारे. बाबा आज फार खुशीत आहेत, शिट्टी वाजवत गाडी पुसत होते.

२१ डिसेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी पटांगणात जमलो. मी आराखडा धरून सगळ्यांना जागेवर लावलं. बाबांची गाडी ताईने आणली, मग स्वतःची आणायला परत गेली, कारण शेजारच्या जागेचा हक्क ती सोडणार नव्हती. जुळ्यांच्या एका गाडीत मेंढी होतीच. "ती आजारी आहे," मोठी जुळी म्हणाली. मेंढी काच चाटत होती.

पाचव्या ताऱ्याची जागा मी खडूने आखून ठेवली होती. बाबा तिथे गेले, हात मागे बांधून घड्याळात बघितल्यासारखं केलं.

"नाही ना आला? असू दे. त्याची इच्छा. पाच म्हणजे पाच ठरलं होतं. चला घरी, मीच चालवतो." आणि खिशातली किल्ली काढून हवेत उडवली. झेलता मात्र आली नाही. धाकटीने उचलून दिली.

त्याच वेळी गल्लीच्या टोकाला धुगधुग ऐकू आलं.

बाबांनी सगळ्यांच्या आधी ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. "अशक्य," ते म्हणाले. "तिला स्टिअरिंगच नाही."

सगळ्यांनी वळून बाबांकडे बघितलं.

निळी सुबारू पटांगणात शिरली. दादाची जुनी, जी त्याने काढून टाकली असं आम्ही समजत होतो. तीन बाजूंनी चकचकीत निळी, चौथी बाजू नुसती घासून ठेवलेली. दादाने काच खाली केली. "बाबा, स्टिअरिंग आईने पाठवलं. गिअरची मूठ आणि दोन स्प्रिंगासुद्धा."

बाबांनी आईकडे बघितलं. आई मेंढीला बिस्कीट देत होती.

मी मनात एकेक जोडत होते. निळी नखं. खोकणारा पियानो. वात. ते गोल गाठोडं मी मांडीवर घेऊन गेले होते, आणि वाटेत एकदा त्याचा वासही घेतला होता.

"थांबा," ताई म्हणाली. "म्हणजे तुम्ही दोघं महिनाभर बोलताय?"

"बोलत नाही," बाबा म्हणाले. "दुरुस्त करतोय."

"मी दिवसा लावायचो," दादा म्हणाला, "आणि हे जाताना काढून न्यायचे. मला वाटलं उंदीर. मग गेल्या आठवड्यात उंदराने स्टिअरिंग नेलं."

"पण अट तुमचीच होती ना, बाबा? मग काढून का न्यायचा?" मी विचारलं.

बाबा चपलेने खडूची रेघ पुसत राहिले. "गाडी व्हायला हवी होती. फक्त आज नको होती."

कोणी काही बोललं नाही. मेंढी बोलली.

मग बाबा दादाच्या गाडीशी गेले, जाळीवरच्या चिन्हावर अंगठा टेकवला. "गाडी म्हणजे शेवटी गाडीच ना रे?"

"चंदेरी, हो," दादा म्हणाला. "ही नाही."

पुरे झालं तेवढं. बाबांनी स्वतःच हाताने खूण करून त्याला पाचव्या जागेवर घेतलं. "ये, ये, ये, थांब!" कडेकडेचं त्यांना अजून उत्तम दिसतं.

धाकटी गच्चीवर पळाली, फोटो काढला, खाली आली, आणि तिचा चेहरा काही मला बरा दिसला नाही. ताईने फोन घेतला. "मधले," ती शाळेतल्या आवाजात म्हणाली, "मोठा तारा कोणत्या बाजूला असतो?"

"डावीकडे."

"आणि इथे?"

इथे उजवीकडे होता. सगळंच चिन्ह उलटं. चिन्ह तक्त्याच्या जागी मीच टांगलं होतं, आणि समोरच्या आरशात बघून उतरवून घेतलं होतं. वाढदिवशी, पाचही गाड्या आल्यावर, अख्ख्या घरात डोळ्यांचं शिक्षण झालेली मी एकटी, आणि मी चिन्ह उलटं केलं. मला रडायला यायला लागलं. जुळ्या हसत होत्या, दोघी एकाच सुरात, त्यामुळे जास्त लागतं.

"दाखव मला," बाबा म्हणाले. फोन डोळ्यांसमोर न धरता बाजूला धरला, कडेच्या नजरेने बराच वेळ बघितला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"बाबा, उलटं आहे."

"मला माहीत आहे चिन्ह कसं असतं. तुम्ही ते समोरून बघता. मी नेहमी पुढे असायचो. तुमच्या पाचही जणांची चिन्हं मी आयुष्यभर आरशातच बघितली. ती अशीच दिसायची." त्यांनी बोटाने स्क्रीनवर एकेक गाडी मोजली. "पाच. आहेत सगळे."

मग ते आईकडे गेले आणि तिच्यासमोर किल्ली धरली.

आमच्यात एकदम गलका झाला. ताई म्हणाली, बाबा, ती थोरलीला द्यायची असते. मी म्हणाले, आई आणि गाडी? दादा फक्त हसत होता.

"किती दिसतात ग तुला?" बाबांनी विचारलं.

"सात."

"चिन्हात सहाच आहेत."

"सहा पुढे मिरवतात," आई म्हणाली. "सातवी डबे धरून बसलेली असते, म्हणून कोणी मोजत नाही." आणि किल्ली घेतली, गाडीत बसली, सीट पुढे ओढली, तिन्ही आरशांत एकेकदा बघितलं. तिला गाडी येते का, असं मी विचारणार, तोवर तिने मोठा तारा एका दमात मागे घेऊन, वळवून, गोदामाच्या दारासमोर आणून उभा केला.

परवाना गुरुवारीच मिळाला आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला फोन केला, त्याने दुजोरा दिला. म्हणाला, इतकी शांत विद्यार्थिनी मी बघितलेली नाही, फक्त आरशात बघायला विसरायच्या. मी त्याची माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. काचा पुसायची दोन फडकी मात्र उद्या पाठवणार आहे.

बाबा तिच्या शेजारच्या सीटवर बसून घरी गेले. जाताना त्यांनी बाजूचा आरसा स्वतःकडे वळवून घेतला. आईने तो परत आपल्याकडे वळवला. पहिल्या वळणापर्यंत हे चालू होतं. आम्ही पाच जण मागे, एका ओळीत, फार हळू. वाटेत एक अनोळखी सुबारू भेटली, तिने हात केला. मेंढीसकट सगळ्यांनी उत्तर दिलं, असं मोठी जुळी म्हणते. मेंढीबद्दल मी खात्री देऊ शकत नाही, मी आता कशाचीच देत नाही.

उद्या सकाळी आई बाबांना घेऊन फेरफटका मारणार आहे. रस्ता माझ्या दुकानावरूनच जातो. बाबा शेजारी बसून सूचना देतील, असा अंदाज आहे. आई त्या ऐकणार नाही, असाही आहे. न्हाव्याने त्याच्या खुर्च्या आत घेतल्या आहेत. मी नवी कुंडी आणली आहे. ती बाहेरच ठेवली आहे.